लावलेले केस गळतात तेव्हा

गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा दाणा दिसला की पोटात गोळा येतो. "मुळासकट गेला, आता तिथे परत येत नाही," हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. केशारोपण करून घेतलेल्या माणसाची तर त्यापायी झोपच उडते. एवढे पैसे घालून, दिवसभर खुर्चीत बसून लावून घेतलेले केस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उशीवर आणि टॉवेलवर दिसू लागतात, आणि टोकाला तो दाणा. जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' असे दोनच फोटो असतात. मधले चार महिने कुणी छापत नाही. खरी गंमत त्याच महिन्यांत आहे.

तो दाणा म्हणजे मूळ नव्हे. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा मृत धागा. जिवंत असतो तो त्वचेत रुतलेला केशकूप, म्हणजे फॉलिकल. वाढत्या केसाचा केशकूप सुमारे चार मिलिमीटर खोल, पार चरबीच्या थरापर्यंत गेलेला असतो. त्याच्या तळाशी फुगीर गड्डा आणि गड्ड्याच्या पोकळीत पॅपिला नावाचा पेशींचा इवलासा पुंजका. पॅपिलाकडून संदेश येतात, भोवतालच्या पेशी भराभर विभागत राहतात आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वर सरकतो. ही ॲनाजेन अवस्था. डोक्यावर ती दोन ते सहा वर्षं चालते.

मग एक दिवस केशकूप स्वतःलाच मोडायला घेतो. या कॅटाजेन अवस्थेबद्दल मला कितीही वेळ बोलता येईल. आधी रंगद्रव्य बनणं थांबतं, म्हणून केसाचं शेवटचं टोक पांढरं राहतं. मग गड्ड्यातल्या पेशी ठरवून मरतात. अपघाती मरण नव्हे, प्रत्येक पेशी आतला कार्यक्रम चालवून शिस्तीत संपते. दोन-तीन आठवड्यांत केशकुपाचा खालचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग नाहीसा होतो. केसाचं बूड गोल, घट्ट होतं आणि वर सरकतं. तोच आपला पांढरा दाणा.

पॅपिला मात्र मरत नाही. आक्रसत जाणाऱ्या केशकुपाबरोबर तीही वर ओढली जाते आणि एका नेमक्या जागी येऊन थांबते. केशकुपाच्या वरच्या, कायम राहणाऱ्या भागात एक फुगवटा असतो. १९९० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की केसाच्या मूळपेशी, म्हणजे नव्या पेशी तयार करत राहणाऱ्या स्टेम सेल, तळाच्या गड्ड्यात नसून या फुगवट्यात राहतात. पॅपिला त्यांच्या शेजारी पोचली तरच पुढचा केस उगवतो. पॅपिलाला वर ओढतं कोण, याचं उत्तर न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दिलं. केशकुपाभोवतीचं आवरण स्नायूसारखं आकुंचन पावतं. ते आकुंचन रोखलं की उंदरांमधली ही चढण थांबते.

ही चढण चुकली तर काय होतं, हे 'हेअरलेस' नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांमध्ये दिसतं. १९९८ मध्ये पाकिस्तानातल्या एका कुटुंबाच्या अभ्यासातून माणसातला हा बिघाड पुढे आला. मुलं केस घेऊन जन्मतात, ते केस गळतात आणि पुन्हा कधीच येत नाहीत. असाच बिघाड असलेल्या उंदरांत पॅपिला खाली चरबीतच अडकून पडलेली दिसते. म्हणजे केस गळणं हा आजार नव्हे. मूळपेशी आणि पॅपिला यांची ताटातूट हा आजार.

वर पोचलेली पॅपिला मूळपेशींजवळ सुमारे तीन महिने पडून असते. हा टेलोजेन, विश्रांतीचा काळ. बीएमपी नावाची प्रथिनं मूळपेशींना गप्प ठेवतात. पॅपिलाकडून येणारे संकेत पुरेसे साठले की 'डब्ल्यूएनटी' हा संदेशमार्ग जागा होतो, फुगवट्याखालचा पेशींचा छोटा गट आधी विभागू लागतो आणि नवा केशकूप पुन्हा खोल उतरत जातो. जुना केस याच सुमारास गळतो.

आता केशारोपणाकडे. डोक्याच्या मागच्या भागातून एक ते चार केसांचा गुच्छ जेमतेम एक मिलिमीटर रुंदीच्या नळीने काढतात. त्याक्षणी त्याचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी पहिले दोन-तीन दिवस तो नुसत्या झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, मग केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, जुळू लागतात. केस बनवणाऱ्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी. एवढा खर्च उपाशीपोटी परवडत नाही. म्हणून बहुतेक केशकूप कॅटाजेनमध्ये जातात, केस सोडतात आणि पॅपिला व मूळपेशी जपून ठेवतात.

हे सगळ्या केशकुपांत एकाच वेळी सुरू होतं म्हणून डोळ्यांवर येतं. एरवी डोक्यावर सुमारे एक लाख केस, त्यातले दहा टक्के, म्हणजे दहा हजार, विश्रांतीत. शंभर दिवसांत ते गळायचे म्हटले तर दिवसाला शंभर झाले. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण प्रत्येक केशकुपाचं घड्याळ वेगळं. शस्त्रक्रिया दोन-तीन हजार घड्याळं एका वेळेला लावते. टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर, बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने जातात, तेही याचमुळे.

बाळाच्या डोक्यावरही हेच होतं. आईच्या पोटात असताना उगवलेले केस एकदम विश्रांतीत जातात आणि काही आठवड्यांत गळतात. मागच्या टकलाचा दोष उशीला आणि नव्या केसांचं श्रेय जावळाला मिळतं. जावळाचा सोहळा आनंदाने करावा, पण वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत. वस्तरा पॅपिलापर्यंत पोचतच नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून ते राठ लागतं इतकंच. केशारोपणानंतर "एकदा गोटा कर, दाट येतील" हा सल्लाही त्याच कारणाने फोल आहे. कांद्याचा रसही त्या ताज्या जखमांवर चोळू नये.

साधारण दोन ते आठ आठवड्यांत लावलेले केस गळतात. काही मात्र गळतच नाहीत, सलग वाढतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस दिसू लागतात, सुरुवातीला बारीक, कधी कुरळे, मधूनच पुटकुळ्या. सहाव्या महिन्यात आरशात फरक कळतो. पूर्ण निकालाला वर्ष लागतं, भोवऱ्याजवळ दीड वर्षही.

काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टींची. पहिल्या आठवड्यात केसासोबत मांसल तुकडा निघाला आणि रक्त आलं, तर ग्राफ्टच, म्हणजे लावलेला अख्खा गुच्छच गेला. नऊ-दहा दिवसांनी मात्र तो पक्का बसलेला असतो, मग केस गळला तरी केशकूप जागेवर राहतो. पू, ताप, वाढती सूज आली तर डॉक्टरांकडे जायला थांबू नये. शेजारचे मूळचे केसही धक्क्याने गळतात. ते जाड असतील तर परत येतात, आधीच बारीक होत चाललेले असतील तर कधी कधी येत नाहीत. म्हणून डोकं सगळीकडून विरळ असलेल्या माणसाला प्रामाणिक डॉक्टर घाईने खुर्चीत बसवत नाहीत. शिवाय शस्त्रक्रिया टक्कल पडणं थांबवत नाही. मागचे केस नव्या जागीही आपला मूळचा गुण टिकवतात, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं, पण तो गुण शेजाऱ्याला लागत नाही.

एका दिवसात घनदाट केसांचं आश्वासन देणारी दुकानं आज गल्लोगल्ली आहेत. ही शस्त्रक्रिया नुसती कार्यशाळा करून किंवा यूट्यूब पाहून शिकायची गोष्ट नव्हे, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ मध्ये लेखी बजावावं लागलं. पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: नळी कोणाच्या हातात असेल, आणि पाचव्या आठवड्यातला फोटो दाखवता का?