सड्यावर पालथी पडलेली माणसं

सप्टेंबरातली गोष्ट. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पवनचक्क्या गरगरत होत्या आणि खाली ओल्या गवतात एक मुलगी पालथी पडून एका फुलाकडे टक लावून बघत होती. गुरं राखणाऱ्या आबांना राहवलं नाही.

"काय हरवलं का गं पोरी?"

"नाही आबा, माश्या मोजतेय."

विद्यापीठ म्हटलं की आपल्याला आठवतो तो निकाल, नाहीतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे सांभाळणारं शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं; पण तिथले लोक परीक्षा सोडून आणखी काय करतात, हे आपण क्वचितच विचारतो. त्या मुलीचंच बघा. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, आणि समोर कंदीलपुष्प.

या फुलाच्या पाकळ्या टोकाशी जुळलेल्या असतात, म्हणून ते कंदिलासारखं दिसतं. वासाला भुलून चिलटाएवढी माशी आत शिरते आणि नळीत घसरते. नळीतले केस खाली वळलेले. आत जायला वाट मोकळी, परत यायला बंद. तळाशी माशी धडपडते आणि त्या धडपडीत परागांचा पिंड तिच्या सोंडेला चिकटतो. मग फूल म्हातारं होतं, केस सुकतात, वाट उघडते. सुटलेली माशी शहाणी होत नाही, दुसऱ्या कंदिलात शिरते आणि परागीभवन होतं. एखाद्या जातीकडे ठरावीक माश्याच येत असतील, तर त्या माश्या गेल्यावर फूलही गेलंच. म्हणून मोजायचं. महाराष्ट्रातल्या कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती दुर्मिळ आहेत. त्यांतल्या अनेक विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जपून वाढवल्या आहेत.

आता ती मुलगी ज्यावर पडली होती, तो दगड. जांभा. हा भूशास्त्रवाल्यांचा प्रांत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ पावसाने युगानुयुगे धुतला. सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून गेलं. मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. तांबडा रंग त्या लोहाचा. वर माती जेमतेम बोटभर, तिच्यात नत्र नाही की स्फुरद नाही. शेतकरी अशा जमिनीकडे ढुंकूनही बघणार नाही.

झाडांनी मात्र वेगळीच सोय केली. दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडते. सीतेची आसवे आणखी बेरकी. निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे बघायला आपण कासला गर्दी करतो, पण खरा उद्योग चिखलात चाललेला असतो. तिथे तिच्या बारीक पिशव्या आतलं पाणी बाहेर टाकून दबा धरून बसतात. सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट शिकार आत खेचली जाते. पापणी लवायच्याही आत.

त्याच लोहाशी पदार्थविज्ञानवाले निराळा खेळ खेळतात. या विद्यापीठाचं तिथलं काम जुनं आहे: रसायनांच्या द्रावणात काच किंवा धातूची पट्टी बुडवायची आणि तिच्यावर अतिपातळ थर बसवायचा. महागडी निर्वात यंत्रं लागत नाहीत, बीकरमध्ये जमतं. लोहाच्या ऑक्साइडचे असे थर वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरसाठी तपासले गेले. म्हणजे गंजच, पण शिस्तीत बसवलेला.

सड्यावरच्या डबक्यांत वायतुरा उगवतो. इंग्रजी वायसारखा दुभंगलेला तुरा, खाली कंद, आणि पाणी आटलं की सगळा कारभार कंदात. विज्ञानाने तो स्वतंत्र जात म्हणून नोंदवला १९८२ मध्ये, आणि शास्त्रीय नावात 'सातारेन्सिस' आलं. गुराख्यांना तो आधीपासून दिसतच होता. नोंदवहीत यायला मात्र कुणीतरी गुडघाभर चिखलात उभं राहावं लागलं.

आबा अजून तिथेच उभे होते. त्यांनी वाकून फूल बघितलं आणि हसले. "ही तर खर्चुडी! पोरं असताना आम्ही हिचे कंद उकरून खायचो की. त्या पलीकडच्या टेकाडावर लई असायची."

मुलगी उठून बसली, कपड्यांवरचा चिखल झटकला आणि वही उघडली. "कुठलं टेकाड, आबा?"