पांढरं फिलिंग टिकत नाही?

गिरगाव-दादरकडे अजून ऐकू येतं, ‘दाढेत चांदीच भर, पांढरं सिमेंट पडतं.’ मोठ्या खड्ड्यांत चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं अमाल्गम, जास्त टिकते, हे खरंच. पण छोट्या किडीचं गणित वेगळं. चांदी दाताला चिकटत नाही; ती अडकून राहावी म्हणून आतून रुंद खाच कोरतात, त्यात धडधाकट दातही जातो. कंपोझिटला, म्हणजे दाताला चिकटणाऱ्या पांढऱ्या फिलिंगला, कीड काढली की पुरतं. ॲसिडचं जेल लावून धुतात, बॉण्डिंग (चिकटवणारा द्रव) लावतात, मग निळ्या प्रकाशात थर कडक करतात. तेवढ्यात थुंकी लागली तर पकड सुटते, म्हणून डॉक्टर कापूस बदलत असताना घाई करू नका. ग्लास आयोनोमर हे दुसरं पांढरं फिलिंग दात मजबूत करणारं फ्लोराइड सोडतं, पण चावण्याच्या जागी लवकर झिजतं. हिरडीलगतच्या किडीला चांगलं. युरोपियन युनियनने २०२५ पासून चांदी जवळपास बंद केली, ती पाऱ्याच्या प्रदूषणामुळे.