टोळ माणसांना चावत नाहीत

मे 2020 मध्ये मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत टोळधाड उतरली, तेव्हापासून हे किडे विषारी असून माणसांना व गुरांना चावतात, असा समज फिरत आहे. तो चुकीचा आहे. वाळवंटी टोळ हा निव्वळ शाकाहारी कीटक असून त्याचे जबडे पाने कुरतडण्यासाठी घडलेले असतात. त्याला नांगी नसते. हातात धरल्यास तो तोंडातून तपकिरी द्रव सोडतो आणि मागच्या काटेरी पायांनी ओरखडतो, आणि बहुधा यालाच लोक ‘चावणे’ समजत असावेत.

खरा धोका पिकांना आहे. एक टोळ दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे सुमारे 2 ग्रॅम खातो. मात्र एक चौरस किलोमीटरच्या थव्यात 4 कोटी टोळ असू शकतात आणि तेवढा थवा एका दिवसात 35,000 माणसांचे अन्न फस्त करतो. विदर्भात त्या वेळी खरिपाची पेरणी व्हायची होती, त्यामुळे फटका संत्र्याच्या बागांना आणि भाजीपाल्याला होता. संध्याकाळी थवा झाडांवर विसावतो, म्हणून फवारणी रात्री किंवा पहाटे करतात. जपायचे असेल तर त्या कीटकनाशकापासून जपावे. फवारणीने मेलेले टोळ कोंबड्यांना घालू नयेत.