कूपरेज: पिंपांच्या शेडपासून प्लास्टिकच्या गवतापर्यंत

चर्चगेटला उतरून ओव्हलच्या कडेकडेने दक्षिणेकडे चालत निघालं, की थोड्याच वेळात कूपरेज लागतं. मुंबईच्या फुटबॉलचं हे जुनं घर, पण नावाचा फुटबॉलशी काडीचाही संबंध नाही. कूपर म्हणजे लाकडी पिंपं घडवणारा कारागीर. कंपनी सरकारच्या काळात जहाजांवर खारवलेलं मांस, पाणी, दारू हे सगळं पिंपांतूनच जायचं, आणि ती पिंपं बांधणाऱ्यांच्या शेड या भागात होत्या. पिंपं गेली, नाव उरलं. धोबीतलावात तलाव नाही आणि चर्चगेटला गेट नाही, त्यातलाच हा प्रकार.

मैदानाला मोठं केलं ते रोव्हर्स चषकाने. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा आधी गोऱ्या पलटणींचीच होती. १९२३ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानने अंतिम फेरी गाठली, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना ४-१ असं हरवलं. चषक पहिल्यांदा भारतीय संघाच्या हाती यायला १९३७ उजाडलं. तो मान मिळाला बंगलोर मुस्लिम्सला. पुढे हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं चषक हलूच दिला नाही. १९५५ मध्ये सोव्हिएत संघ भारताशी खेळला तोही कूपरेजवरच. त्यानंतर मुंबईने भारताचा पुढचा आंतरराष्ट्रीय सामना पाहिला तो थेट २०१६ मध्ये, पोर्तो रिकोविरुद्ध, आणि तो झाला अंधेरीला. एकसष्ट वर्षं! क्रिकेटच्या बाबतीत या शहराने एवढी कळ काढली असती का?

पण कूपरेजची खरी रोजीरोटी पाहुण्या संघांवर नव्हती, ती ऑफिसच्या संघांवर होती. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ (सरकारी खत कंपनी), बँका, दोन्ही रेल्वे. चांगला खेळलास तर नोकरी पक्की, हा साधा हिशेब होता. वांद्रे-माहीमच्या ख्रिस्ती वस्त्या, नागपाड्याचं मस्तान तलाव मैदान, धोबीतलावचे गोवेकरांचे कूड (म्हणजे गावकऱ्यांची वसतिगृहं), सगळीकडची पोरं या हिशेबावर खेळत होती. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा याच टाटा-कॅलटेक्सच्या शाळेतला. वेड मैदानापुरतंही नव्हतं: पडद्यावरचे खलनायक प्राण यांनी पन्नासच्या दशकात स्वतःचा डायनॅमोज नावाचा संघ बाळगला होता.

पावसाळ्यातल्या जुन्या कूपरेजची कल्पना आताच्या पोरांना यायची नाही. गोलसमोरचं गवत आधी जायचं, मग तिथे पाणी साचायचं, आणि अर्ध्या तासात दोन्ही संघांचे शर्ट एकाच रंगाचे. भिजून जड झालेला चेंडू डोक्यावर घेणं हे धाडसाचं काम होतं.

मग एकेक खांब निखळत गेला. गिरण्यांबरोबर त्यांचे संघ गेले, कंपन्यांनी खेळाडूंची भरती आवरती घेतली. रोव्हर्स चषक नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेल्या महिंद्र युनायटेडनेही २०१० मध्ये गाशा गुंडाळला.

गंमत म्हणा किंवा दैव, कूपरेजचं नूतनीकरण नेमकं याच सुमाराला सुरू झालं. जुने स्टँड उतरवले, नवे बांधले आणि फिफाच्या मदतीने कृत्रिम गवत अंथरलं. तोवर २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी आपले घरचे सामने पुण्याला, बालेवाडीत खेळत होता. घरचा सामना बघायला दीडशे किलोमीटर जायचं, तर प्रेक्षकाची सवय मोडणारच. संघ परतला, पण २०१७ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगच्या तळाशी गेला आणि संपला.

टर्फबद्दल तक्रारी आहेत, त्या खऱ्याही आहेत. एप्रिल-मेच्या दुपारी ते तव्यासारखं तापतं, घसरून पडलं तर गुडघा सोलवटतो, आणि घरी येऊन बूट झटकले की काळे रबरी दाणे फरशीभर पसरतात. तरीही माझं मत टर्फच्या बाजूने आहे. नैसर्गिक मैदानाला सामन्यांमध्ये विश्रांती द्यावी लागते. टर्फवर एकामागोमाग एक सामने लावता येतात. शहरात मोकळी मैदानं उरली आहेत किती, याचा विचार केला तर ही सोय लहान नाही.

अडचण दुसरीकडे आहे. नव्या कूपरेजमध्ये जेमतेम ५,००० माणसं बसतात. २०१४ मध्ये जन्मलेल्या, इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी संघाने आधी नेरूळचं डी. वाय. पाटील आणि २०१६ पासून अंधेरीचं शहाजीराजे क्रीडासंकुल धरलं. वलय, टीव्ही, मोठे खेळाडू सगळं तिकडे गेलं. कूपरेजच्या वाट्याला स्थानिक लीग राहिली. तिच्या सामन्यांना स्टँडमध्ये बहुतेक खेळाडूंचे घरचेच दिसतात, आणि एखादे पेन्शनर काका, जे शेजारच्याला इथे आधी लाकडी बाकं कुठवर होती ते हात करून दाखवत असतात.