मनोरुग्णालयात रंधा कुठून आला

परळच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये व्यवसायोपचाराचं, म्हणजे कामातून रुग्णाला सावरणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीचं (ओटीचं), शिक्षण सुरू झालं. या विषयाची आशियातली ही पहिली शाळा. ती उभी केली कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा दहा संस्थापक देशांत भारताचंही नाव होतं. त्या काळच्या ओटी विभागांत हातमाग, वेताचं काम आणि सुताराचं टेबल ही उपचाराची साधनंच मानली जात.

ते टेबल तिथवर दोन वाटांनी आलं, आणि त्या दोन वाटांमधली ओढाताण आजही संपलेली नाही.

पहिली वाट वेड्यांच्या इस्पितळाची. इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये यॉर्क इथे ‘रिट्रीट’ सुरू केलं. साखळ्यांऐवजी माणुसकीची वागणूक आणि नियमित काम, हा तिथला उपचार. मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून वेड्यांचं इस्पितळ होतं, ठाण्याचं १९०१ चं. पण वसाहतीच्या कारभारात कामाचा अर्थ पटकन बदलला. विणकाम, बागकाम, घाणा यांतून झालेली कमाई इस्पितळांच्या वार्षिक अहवालात खर्चातून वजा करून दाखवली जाई. काम करताना रोगी शांत राहतो हे खरं होतं, आणि त्याच्या कामातून खर्च निघतो हेही. यातलं कारण कुठलं आणि निमित्त कुठलं, हे अहवालात सापडत नाही.

दुसरी वाट शाळेची. फिनलंडच्या उनो सिग्नेयस यांनी हस्तकाम शाळेत आणलं. स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सालोमन यांनी १८७० च्या दशकात त्यातून ‘स्लॉइड’ ही पद्धत बांधली. लाकडाच्या छोट्या, घरात वापरता येतील अशा वस्तू, सोप्याकडून अवघडाकडे, सुरुवात साध्या चाकूने. वस्तू किती सुबक झाली यापेक्षा ती करणारा कुठवर आला हे बघायचं, हा त्यांचा आग्रह. आजच्या ओटीतली ‘ग्रेडिंग’ची, म्हणजे काम पायरीपायरीने अवघड करण्याची, कल्पना त्याच जातीची.

मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे ऑक्युपेशनल थेरपीची पहिली संघटना स्थापन झाली. यजमान जॉर्ज बार्टन हे वास्तुविशारद. क्षय आणि डाव्या अंगाच्या लकव्यातून सावरताना त्यांनी स्वतःवरच सुतारकाम आणि बागकामाचा प्रयोग केला होता. पुढे महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे हे टेबल इस्पितळांत पक्कं झालं. पायाने चालवायची जाळीकामाची करवत तर अशक्त पायांचा व्यायाम म्हणून वापरली जाई. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी मनोविकारावरची औषधं आली. पुढे ओटीलाही ‘शास्त्रीय’ दिसायची घाई झाली आणि रंधा, पटाशी बऱ्याच ठिकाणी कपाटात गेली. घाईच म्हणायची, कारण औषधाने कानात येणारे भासाचे आवाज थांबतात, पण सकाळी उठून दहा वाजता कुठे जायचं हा प्रश्न तसाच राहतो.

लाकडात असं काय आहे, ते पाटावरून कळतं. १५ इंच लांब, १० इंच रुंद, पाऊण इंच जाड सागवानी फळी, खाली ९ इंचांच्या दोन आडव्या पट्ट्या, सहा स्क्रू. पाऊण तासाची सात-आठ सत्रं पुरतात. पहिल्या दिवशी फक्त गुण्या (काटकोन मापायचं साधन) लावून रेघ मारायची. करवत रेघेवर न चालवता तिच्या बाहेरून चालवायची, उरलेलं रंध्याने काढायचं. रंधा उलट्या रेषेने मारला की लाकूड उपटतं. फळी फिरवून मारला की तोच रंधा सुळकन जातो. नैराश्यातल्या माणसाला ‘माझ्याच्यानं काही होत नाही’ असं वाटत असतं. इथे चूक फळीच्या दिशेची असते आणि ती अर्ध्या मिनिटात सुधारते. समजावून सांगण्यापेक्षा हे हाताला लवकर पटतं.

पट्ट्यांपाशी मात्र मुंबईची हवा आडवी येते. पावसाळ्यात फळी रुंदीला दोन-एक मिलिमीटर फुगते, पट्टी लांबीला फुगत नाही. पट्टी सलग फेव्हिकॉलने चिकटवली तर हिवाळ्यात फळी तडकते. म्हणून मधला स्क्रू घट्ट, आणि कडेच्या दोन्हींसाठी पट्टीत जवळजवळ दोन भोकं पाडून ती कानशीने जोडून लांबट करायची. स्क्रू सव्वा इंची घ्यायचे. दीड इंचीचं टोक वर डोकावतं, आणि बसणाऱ्याला ते आधी कळतं. शेवटी ८०, १२०, १८० नंबरचा पॉलिश पेपर. सागाच्या भुशाने काहींना खाज आणि शिंका येतात, तेव्हा मास्क हवाच. पाटाला जवसाचं तेल लावलं, तर त्याची फडकी चुरगळून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवावीत.

औषधांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. लिथियम या मनोविकारावरच्या औषधाने हात थरथरतो, म्हणून त्या काळात पटाशीऐवजी कानस किंवा पॉलिश पेपर द्यावा. अंगात पाणी कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं, तेव्हा एप्रिल-मेमध्ये टेबलाशी पाण्याची बाटली असलीच पाहिजे. मनोविकाराच्या औषधांनी अंगात येणाऱ्या ताठरपणावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी जवळचं धूसर दिसतं. रेघ चुकली की ‘लक्ष नाही’ म्हणण्याआधी जाड २बी पेन्सिल आणि चांगला दिवा देऊन बघावा. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असावी. सत्र संपताना रिकामी आकृती दिसली तर दार उघडायचं नाही.

जुना प्रश्न, काम नेमकं कोणासाठी, कायद्यात आला तो २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात. हा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २० नुसार संस्थेत कोणालाही कामाची सक्ती करता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. म्हणजे दिवाळीच्या स्टॉलवर पाट विकला गेला, तर करणाऱ्याच्या मोबदल्याचा हिशेब वहीत दिसायला हवा. आणि पहिला पाट, रेघ वाकडी असलेला, विक्रीला लावूच नये. तो ज्याने केला त्याच्या घरी जावा.