मलहॉलंड ड्राइव्ह

अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच (१९४६–२०२५) यांचा अतिवास्तववादी वळणाचा निओ-न्वार (म्हणजे जुन्या अमेरिकन काळोख्या गुन्हेपटांच्या, ‘न्वार’च्या, परंपरेतला नवा) चित्रपट (२००१). कालावधी सु. १४७ मिनिटे. पटकथा लिंच यांचीच असून छायालेखन पीटर डेमिंग, संकलन मेरी स्वीनी, निर्मिती-संकल्पन जॅक फिस्क आणि संगीत अँजेलो बादालामेंती यांचे आहे. नेओमी वॉट्स, लॉरा हॅरिंग व जस्टिन थेरॉ यांच्या प्रमुख भूमिका आहेत. चित्रपटाला लॉस अँजेलिसमधील एका डोंगरमाथ्याच्या नागमोडी रस्त्याचे नाव दिलेले आहे. हा रस्ता १९२४ मध्ये खुला झाला आणि ओवेन्स खोऱ्यातून शहराला पाणी आणणारे अभियंते विल्यम मलहॉलंड यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

या चित्रपटाचे कथानक सांगू गेले की सांगणारा नकळत त्याचा अर्थही लावून बसतो. म्हणून येथे केवळ पडद्यावरील क्रम दिला आहे. रात्री या रस्त्यावर एका मोटारीत एका स्त्रीवर पिस्तूल रोखले जाते, तेवढ्यात समोरून येणारी गाडी धडकते. ती वाचते, पण स्मृती गमावते आणि एका रिकाम्या घरात लपते. अभिनेत्री होण्यासाठी कॅनडातून आलेली बेटी तिला तेथे भेटते. भिंतीवरच्या जाहिरातीत रीटा हेवर्थ या अभिनेत्रीचे नाव पाहून ती स्त्री स्वतःला रीटा म्हणवून घेते. तिच्या पर्समध्ये नोटांच्या थप्प्या आणि एक निळी किल्ली निघते. दुसरीकडे अ‍ॅडम केशर या दिग्दर्शकावर कमिला ऱ्होड्स नावाच्या मुलीलाच नायिका म्हणून घेण्यासाठी गुंडांचा दबाव येतो. बेटी व रीटा डायेन सेल्विन नावाच्या स्त्रीचा माग काढतात आणि तिच्या घरात त्यांना एक सडलेले प्रेत आढळते. पुढे दोघींमध्ये प्रेम जडते. मध्यरात्री त्या सिलेन्सिओ नावाच्या नाट्यगृहात जातात, तेथे एक निळी पेटी हाती येते आणि ती उघडताच सारी मांडणी पालटते. आता वॉट्स ही डायेन आहे, अपयशी आणि खचलेली. हॅरिंग ही तिला सोडून गेलेली यशस्वी नटी कमिला आहे. डायेन तिच्या खुनाची सुपारी देते आणि अखेर स्वतःवर गोळी झाडून घेते.

चित्रपटाचा उगम वादाचा आहे. लिंच व मार्क फ्रॉस्ट यांनी अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीसाठी निर्मिलेल्या ‘ट्विन पीक्स’ (१९९०–९१) या मालिकेतील ऑड्री हॉर्न हे पात्र हॉलिवुडला नेऊन तिच्यावर स्वतंत्र कलाकृती रचावी, असा विचार त्या काळी झाला होता. ही भूमिका करणाऱ्या शेरिलिन फेन यांनी आणि फ्रॉस्ट यांनीही त्याचा उल्लेख केला आहे. यावरून काही लेखक मलहॉलंड ड्राइव्हला त्या मालिकेची शाखा मानतात. मात्र त्या टप्प्यावर चर्चेपलीकडे फारसे काही घडलेले दिसत नाही. एक तरुण मुलगी हॉलिवुडला जाते हा धागा आणि बहुधा रस्त्याचे नाव, एवढाच वारसा त्यातून आला असावा. रीटा, अ‍ॅडम, उपाहारगृहामागचा काळवंडलेला माणूस किंवा निळी किल्ली यांचा संबंध १९९८–९९ मधील लेखनाशीच जोडणे अधिक सयुक्तिक ठरते.

१९९८ मध्ये लिंच यांनी ही कल्पना मालिका म्हणून एबीसीपुढे मांडली. त्यासाठी त्यांच्यामागे लकडा लावणारे टोनी क्रँट्झ त्या वेळी इमॅजिन या निर्मितीसंस्थेच्या दूरचित्रवाणी विभागात होते. १९९९ च्या पूर्वार्धात पायलट, म्हणजे मालिकेचा नमुना भाग, चित्रित झाला. तो दीड तासाहून थोडा अधिक होता. वाहिनीला गती संथ वाटली, नायिका वयाने मोठ्या वाटल्या, पात्रांचे सिगारेट ओढणे खटकले. कुत्र्याच्या विष्ठेचे एक समीपदृश्यही आक्षेपांच्या यादीत होते. लिंच यांनी काटछाट करून दिली तरी पायलट नाकारला गेला. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने तो पहाटे सहाला, कॉफी पीत व फोनवर बोलत पाहिला, असे लिंच सांगत. ही हकिकत एकाच बाजूची आहे, हे लक्षात ठेवणे बरे.

पुढे निर्माते पिएर एदेलमान यांच्या खटपटीमुळे फ्रान्सच्या स्तुदिओकनाल या कंपनीने हक्क घेतले आणि पायलटचा चित्रपट करण्यासाठी पैसा पुरवला. एकूण खर्च सु. १.५ कोटी डॉलर झाला. दरम्यान सेट मोडले गेले होते, सामानसुमान व कपडे विखुरले होते, आणि मुख्य म्हणजे मालिकेसाठी मोकळ्या सोडलेल्या कथेला शेवट नव्हता. लिंच यांच्या सांगण्यानुसार तो एका संध्याकाळी ध्यानाच्या बैठकीत, जेमतेम अर्ध्या तासात सुचला. महर्षी महेश योगी यांच्या भावातीत ध्यानाचा ते १९७३ पासून नित्य अभ्यास करीत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्यान व सर्जनशीलतेवरील पुस्तकात त्यांनी उपनिषदांतील वचने उद्धृत केली आहेत. त्याच पुस्तकात पेटी आणि किल्ली म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक नाही, असेही त्यांनी एका ओळीत सांगून टाकले आहे. पुरवणी चित्रीकरण २००० च्या शरद ऋतूत झाले.

कोणता भाग जुना व कोणता नवा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण चित्रपटाचे आकलन बरेचसे त्यावर अवलंबून आहे. बेटीचे आगमन, अ‍ॅडमची गुंडांशी बैठक, गुराख्याच्या वेशातला काउबॉय, तपास करणाऱ्या पोलिसांची जोडी हे सारे पायलटचे. रॉबर्ट फॉर्स्टर यांनी रंगवलेला पोलीस अधिकारी एका दृश्यात येऊन कायमचा नाहीसा होतो, यामागे गूढ हेतू शोधण्यापेक्षा पुढचे भाग कधी लिहिलेच गेले नाहीत, हे कारण पुरेसे आहे. याउलट दोघींमधील शृंगार, सिलेन्सिओचा प्रसंग आणि डायेनचा संपूर्ण भाग पुरवणीतला आहे. श्रेयनामावलीपूर्वीचे जिटरबग नृत्य आणि लाल चादरीवरील उशीकडे झेपावणारा कॅमेरा हीदेखील नंतरची भर असल्याचे मानले जाते. म्हणजे ज्या खुणांवरून पहिला भाग डायेनचे स्वप्न ठरवला जातो, त्या बव्हंशी मागाहून बसवलेल्या आहेत. चित्रपटाचा सु. दोन तृतीयांश भाग स्वप्न म्हणून लिहिलाच गेला नव्हता.

न्वार परंपरेशी असलेले नाते उघड आहे. स्मृतिभ्रंश, दुहेरी ओळख, सुपारी, पैशांनी भरलेली पर्स हे त्या परंपरेचे नेहमीचे साहित्य. बिली वाइल्डर यांचा ‘सनसेट बूलव्हार्ड’ (१९५०) लिंच यांचा आवडता होता. तेथेही हॉलिवुडमधील एका रस्त्याचे नाव शीर्षकाला आहे आणि अपयशी नटीच्या हातून खून घडतो. सोनेरी टोप घालून एका स्त्रीची दुसरी स्त्री करण्याचा प्रसंग हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ची (१९५८) आठवण करून देतो. पण न्वारमधील गुप्तहेर अखेर काहीतरी शोधून काढतो, येथे शोध घेणारीच नाहीशी होते. भीतीची ठिकाणेही वेगळी आहेत. उपाहारगृहातील प्रसंग भर दुपारचा आहे. एक माणूस आपले वाईट स्वप्न सांगतो आणि मग स्वप्नातला माणूस खरोखर आहे का, हे पाहायला उपाहारगृहामागे जातो. तो बोलत असताना कॅमेरा टेबलाभोवती किंचित तरंगत राहतो, बाकी काही घडत नाही. ध्वनिरचना लिंच यांनी स्वतः केली आहे. सिलेन्सिओमध्ये सूत्रधार बजावतो की वाद्यवृंद नाही, सारे ध्वनिमुद्रित आहे. तरीही रेबेका डेल रिओ रॉय ऑर्बिसन यांचे ‘क्राइंग’ हे गीत स्पॅनिशमध्ये गाऊ लागते तेव्हा प्रेक्षक फसतो, आणि ती कोसळल्यावरही गाणे चालूच राहते. वॉट्स यांच्या अभिनयाचेही असेच. बेटीचा भाबडेपणा प्रथम कच्चा वाटतो. मग निवड-चाचणीच्या दृश्यात ती आधी सरावात म्हटलेले तेच उथळ संवाद दबक्या, धोकादायक आवाजात म्हणते आणि आधीचा कच्चेपणा ठरवून केलेला होता हे ध्यानात येते.

मे २००१ मध्ये कान महोत्सवात पहिले प्रदर्शन झाले. लिव्ह उलमन यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षक-मंडळाने दिग्दर्शनाचा पुरस्कार लिंच व जोएल कोएन यांना विभागून दिला. अमेरिकेत चित्रपट ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. उत्पन्न बेताचेच राहिले, पण न्यूयॉर्कच्या समीक्षक-मंडळाने व अमेरिकेच्या राष्ट्रीय समीक्षक-संस्थेने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले. फ्रान्सचा सेझार (परदेशी चित्रपट) आणि संकलनासाठी स्वीनी यांना ब्रिटनचा बाफ्टा मिळाला. ऑस्करसाठी केवळ दिग्दर्शनाचे एक नामांकन होते. ते पारितोषिक रॉन हॉवर्ड यांना गेले. हॉवर्ड हे ज्या संस्थेचे सहसंस्थापक, त्याच इमॅजिनच्या पंखाखाली पायलट बनला होता.

वृत्तपत्रीय समीक्षेत मतभेद होते, मात्र पारडे स्तुतीकडे झुकलेले होते. लिंच यांच्या आधीच्या अनेक चित्रपटांवर कठोर लिहिणाऱ्या रॉजर ईबर्ट यांनी याला चारपैकी चार तारे दिले आणि दिग्दर्शकाची सारी कारकीर्द इकडेच वाहत आली होती, अशा आशयाचे लिहिले. न्यूयॉर्क टाइम्सचे स्टीफन होल्डन यांनी त्याची सांगड इटालियन दिग्दर्शक फेलिनी यांच्या आत्मपर चित्रपटाशी घातली. व्हरायटी या चित्रपट-व्यवसायविषयक नियतकालिकाचे टॉड मॅकार्थी यांना पहिला भाग भावला, अखेरच्या पाऊण तासाबद्दल मात्र त्यांनी नाराजी व्यक्त केली. समीक्षक रेक्स रीड यांनी तर तो त्या वर्षातला सर्वांत वाईट चित्रपट ठरवला. रीड यांची टीका आज मुख्यतः गंमत म्हणून उद्धृत होते; मॅकार्थी यांचा आक्षेप अधिक वजनाचा आहे, कारण सांधा नेमका तेथेच आहे.

प्रदर्शनानंतर काही दिवसांतच सलोन या नियतकालिकातील प्रदीर्घ लेखाने स्वप्नाची उपपत्ती लोकप्रिय केली. तिच्यानुसार पहिला भाग डायेनचे इच्छापूर्तीचे स्वप्न आणि दुसरा तिचे वास्तव होय. अभ्यासकांनी पुढे ती सुधारून घेतली. टॉड मॅगोवन यांनी २००४ मध्ये फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँ यांच्या सिद्धान्ताच्या आधारे एक उलटसुलट बाब दाखवून दिली: पहिला, ‘खोटा’ भागच सुसंगत व कालक्रमाने चालणारा आहे, तर ‘खरा’ भाग विस्कळीत आहे, कल्पनाविलास गोष्टीला आकार देतो, अतृप्त वासना तो मोडते. त्याच वर्षी हेदर लव्ह यांनी दोन स्त्रियांच्या प्रेमाची शोकान्तिका करण्याच्या जुन्या साच्याशी हा चित्रपट कसा वागतो, हे तपासले. स्वप्नाची उपपत्ती चुकीची म्हणता येत नाही. दुसऱ्या भागातील चेहरे, कप, किल्ली तिला भरभक्कम आधार देतात. तथापि ती चित्रपट सोडवून बाजूला ठेवते. मॅगोवन यांचे विवेचन निर्मितीच्या इतिहासाशी अधिक जुळते, कारण सुसंगत वाटणारा भाग खरोखरच वाहिनीच्या शिस्तीत, गोष्ट पुढे नेण्यासाठी लिहिला गेला होता.

लिंच यांनी स्पष्टीकरण देण्याचे कायम टाळले. डीव्हीडीसोबत त्यांनी दहा सूचना छापल्या: लाल दिव्याकडे लक्ष द्या, किल्ली कोण देते व का ते पाहा, झगा, रक्षापात्र आणि कॉफीचा कप न्याहाळा. त्यांतील काही खरोखर उपयोगी आहेत, काही खोडकरपणाच्या असाव्यात. त्याच डीव्हीडीवर प्रसंगवार विभाग मात्र नव्हते, त्यामुळे हवे ते दृश्य थेट काढण्याची सोय राहिली नाही. २००२ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे ईबर्ट यांनी प्रेक्षकांसह हा चित्रपट थांबवत थांबवत, चित्रचौकटींनुसार अभ्यासला; एकमत झाले नाही.

प्रतिष्ठा पुढे वाढतच गेली. साइट अँड साउंड या ब्रिटिश चित्रपट-नियतकालिकाच्या दशवार्षिक कौलात २०१२ मध्ये २८ वे आणि २०२२ मध्ये ८ वे स्थान मिळाले. बीबीसीने २०१६ मध्ये १७७ समीक्षकांकडून घेतलेल्या कौलात एकविसाव्या शतकातील चित्रपटांत तो पहिला आला. न्यूयॉर्क टाइम्सच्या २०२५ मधील तशाच यादीत दुसरा.