पशुपोषणात पीएचडी करायची आहे? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

जनावराने काय खाल्लं, त्यातलं किती पचलं आणि उरलेलं कुठे गेलं, याचा हिशेब लावणं हे पशुपोषण संशोधकाचं काम. स्वतंत्र संशोधक व्हायचं तर बहुतेक ठिकाणी पीएचडी लागते, म्हणून तिच्या अर्जाबद्दल सविस्तर लिहितो.

आधी पात्रता. पशुवैद्यकाची पदवी नसेल तर इथे दार बंद, असं समजून अनेक चांगले विद्यार्थी अर्जच करत नाहीत. जनावरांवर उपचार करायला ती पदवी लागते, आहारावर संशोधन करायला लागतेच असं नाही. पशुविज्ञान, कृषी, दुग्धशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा शाखांमधूनही माणसं या क्षेत्रात येतात. साधारणपणे प्रबंधासह पदव्युत्तर पदवी मागतात. संख्याशास्त्राचा एखादा विषय गुणपत्रकात असला तर फार बरं.

कागदपत्रांत पदवी प्रमाणपत्रं, सगळ्या सत्रांची गुणपत्रकं, ओळखपत्र, सीव्ही आणि प्रबंधाचा सारांश लागतो. इंग्रजीच्या परीक्षेची अट असेल तर तारीख बघून बसा. आयईएलटीएस आणि टोफेलचे गुण २ वर्षंच ग्राह्य असतात. शिफारसपत्रं बहुधा दोन-तीन मागतात. ती मोठ्या पदावरच्या व्यक्तीकडून नव्हे, तर तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलेल्या शिक्षकांकडून घ्या. ‘केल्डाल पद्धतीने नायट्रोजन काढताना दोन नमुने जुळले नाहीत, म्हणून हिने तिसरा लावला’ हे एक वाक्य पानभर कौतुकापेक्षा जास्त काम करतं.

अर्जाचा जीव मात्र संशोधन आराखड्यात असतो. ‘गायींच्या आहारात सुधारणा’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. कोणतं खाद्य, कोणत्या खाद्याच्या जागी, किती प्रमाणात आणि मोजणार काय, हे लिहा. समजा गायीने दिवसाला १० किलो शुष्क पदार्थ (म्हणजे खाद्यातलं पाणी वगळून उरलेला भाग) खाल्ला आणि शेणातून ३.५ किलो बाहेर पडला, तर पचनीयता ६५ टक्के. नवं खाद्य दिल्यावर हा आकडा हलतो का, हे तपासायला ४ गायी, ४ आहार आणि ४ कालखंड असा लॅटिन चौरस मांडता येतो, म्हणजे प्रत्येक गायीला प्रत्येक आहार एकेका कालखंडात आळीपाळीने मिळतो. प्रत्येक कालखंडात नव्या आहाराची सवय व्हायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात, मग ५ ते ७ दिवस शेण गोळा करून तोलायचं. हे दिवस आराखड्यात दिसले की वाचणाऱ्याला कळतं, या मुलाला गोठ्यातलं काम ठाऊक आहे.

जिवंत जनावरांवर प्रयोग करायचा तर प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगीही लागते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं तिथे पाहिली जातात: जनावराला पर्याय आहे का, संख्या कमी करता येईल का, त्रास कमी करता येईल का. पहिल्या प्रश्नाला पशुपोषणात चांगलं उत्तर आहे. रुमेनमधला, म्हणजे गायीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातला, द्रव घेऊन काचेच्या नळीत खाद्य पचवून बघता येतं, आणि त्यात टिकलेले दोन-तीन आहारच पुढे गोठ्यात न्यायचे. मंजुरी प्रवेशानंतर मिळते, पण ही पायरी आराखड्यात आधीच लिहा.

अर्ज भरण्याआधी मार्गदर्शकाला छोटा ईमेल पाठवा. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध नीट वाचून त्यावर एक नेमका प्रश्न विचारा आणि आराखड्याचं एक पान जोडा. त्यांच्याकडे जागा आणि निधी आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या.